जुनी स्विफ्ट: दिल्लीच्या रस्त्यावर आणि बुद्ध सर्किटवर

मे २००५ मध्ये मारुती सुझुकीने स्विफ्ट बाजारात आणली. छोट्या गाडीतही चालवण्याची मजा असते हे त्याआधी झेनने दाखवलं होतं. २००१ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट पालिओनेही ते दाखवलं होतं. पण पालिओचे सुटे भाग मिळवताना मालकांच्या नाकी नऊ आले आणि झेन आता फार जुनी झाली. म्हणून हातात मर्यादित पैसे असलेला, गाडी स्वतः घडवण्याची हौस असलेला दिल्ली परिसरातला माणूस आज बहुधा जुन्या स्विफ्टपाशी येऊन थांबतो. गाडी गुडगाव-मानेसरच्या कारखान्यांतली असल्याने भाग गल्लोगल्ली मिळतात. शिवाय देशातलं एकमेव फॉर्म्युला वन दर्जाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट त्याच परिसरात, ग्रेटर नोएडात आहे.

रोज ऑफिसला नेता येईल आणि अधूनमधून सर्किटवर उतरवता येईल अशी एकच गाडी कशी तयार करायची, हे या लेखात पाहू. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पैसे आधी गाडी थांबवण्यावर खर्च करा, मग वळवण्यावर आणि सगळ्यात शेवटी पळवण्यावर. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात आणि गाडीही बिघडवतात, पैसेही घालवतात.

आधी गाडीचं वय तपासा

पुण्यात किंवा नाशकात पंधरा वर्षं झालेली पेट्रोल गाडी तपासणी करून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून पुढच्या पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदवता येते. दिल्ली परिसरात तसं नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये आदेश दिले, ते सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी उचलून धरले आणि दहा वर्षांवरच्या डिझेल व पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना या परिसरातले रस्ते बंद झाले. १ जुलै २०२५ पासून तर दिल्लीतल्या पंपांवर अशा गाड्यांना इंधन देणंच थांबवलं होतं. ओरड झाल्यावर काही दिवसांतच ती कारवाई मागे पडली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने निव्वळ वयावरून सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं आणि डिसेंबरमध्ये तो दिलासा बीएस-४ (भारत स्टेज-४ प्रदूषण निकष) व त्यापुढच्या गाड्यांपुरता मर्यादित केला.

स्विफ्ट घेताना याचा थेट संबंध येतो. दिल्ली परिसरात बीएस-४ निकष एप्रिल २०१० पासून लागू झाले. त्याच सुमारास स्विफ्टमधलं जुनं १,२९८ सीसीचं जी-सिरीज इंजिन जाऊन १,१९७ सीसीचं के-सिरीज इंजिन आलं. जुनं १.३ लिटरचं इंजिन खालून जोरदार ओढतं, त्याचे चाहते आजही आहेत, पण ती गाडी बीएस-३ आहे. तिच्यावर पैसे ओतणं म्हणजे केव्हाही उचलून नेली जाईल अशा वस्तूवर खर्च करणं. त्यामुळे २०१० नंतरची पहिल्या पिढीतली के-सिरीज स्विफ्ट किंवा ऑगस्ट २०११ मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट घ्यावी.

हिवाळ्याची आणखी एक अडचण असते. हवा बिघडली की प्रदूषण नियंत्रणाची टप्प्याटप्प्याची योजना, म्हणजे ग्रॅप, लागू होते. तिच्या तिसऱ्या टप्प्यात दिल्लीसह गुडगाव, फरीदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगर जिल्ह्यांत बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल चारचाकींना बंदी असते. सर्किट गौतम बुद्ध नगर जिल्ह्यातच आहे. म्हणजे थंड हवेच्या ज्या महिन्यांत इंजिन उत्तम चालतं, नेमक्या त्याच महिन्यांत डिझेल स्विफ्ट घरी उभी राहू शकते. डिझेल इंजिनामुळे गाडीचं नाकही जड होतं. या कामासाठी पेट्रोलच बरी.

कायदा किती बदल करू देतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही ठरवून दिली. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज किंवा धुराची मर्यादा ओलांडली तर दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवान्यासाठी अपात्रता, असं वेगळं कलम आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की दुसरं इंजिन बसवणं, बॉडी कापणं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं आणि भोंग्यासारखा सायलेन्सर लावणं या गोष्टी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत करायच्याच नाहीत. काचांवर काळी फिल्म नको, ती न्यायालयाने २०१२ मध्येच बंद केली. मात्र ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, चांगले टायर, नवे बुश, चाकांचं अलाइनमेंट यांचा नोंदणीतल्या तपशिलाशी संबंध येत नाही. गाडी खऱ्या अर्थाने सुधारते ती याच गोष्टींनी, त्यामुळे कायदा इथे हौशी माणसाचं फारसं नुकसान करत नाही असं मला वाटतं.

पाया पक्का करा

दहा-पंधरा वर्षं चाललेली गाडी कंपनीतून निघाली तशी राहिलेली नसते. रबर कडक होतं, रेडिएटर गाळाने भरतो, इंजिन माउंट बसतात. सुधारणेचा पहिला पैसा गाडी मूळ अवस्थेला आणण्यात घालवा. लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट, स्ट्रटच्या वरचं माउंट, चाकांचे बेअरिंग, टाय रॉडचे टोक आणि इंजिन माउंट हे सगळं नव्याने टाकलं की पंधरा वर्षांची स्विफ्टसुद्धा स्टिअरिंगला लगेच प्रतिसाद देऊ लागते. पुष्कळांची हौस इथेच भागते.

दिल्लीत मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांना टेकतो. अशा हवेत सर्किटवर गाडी नेण्याआधी कुलंट बदलणं, रेडिएटरचे पाइप दाबून पाहणं, थर्मोस्टॅट आणि पंखा वेळेवर सुरू होतो का ते तपासणं आवश्यक आहे. इंजिन ऑइलची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर ठेवा. लांब वळणात ऑइल चेंबरमध्ये एका बाजूला सरकतं, आणि पातळी कमी असली तर पंप हवा ओढतो. बेअरिंग जळायला तेवढे काही क्षण पुरतात.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इंधनाच्या रबरी नळ्या आणि ओ-रिंग तडकल्या आहेत का ते पाहून घ्या, शंका आली तर बदला. तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोलची गळती फार महागात पडते.

ब्रेक: सगळ्यात मोठं काम

बुद्ध सर्किटची लांबी ५.१२५ किलोमीटर आहे आणि त्यात सोळा वळणं आहेत. तिसऱ्या आणि चौथ्या वळणांमधली सरळ पट्टी एक किलोमीटरहून लांब आहे. तिथे ८५ अश्वशक्तीची स्विफ्टही ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास जाते आणि मग चौथ्या वळणासाठी तिला झपाट्याने सत्तरवर आणावं लागतं.

हिशेब करून पाहू. चालकासह गाडीचं वजन १,०५० किलो धरलं, तर १५० वरून ७० वर येताना सुमारे सात लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. साध्या तापमानाचं दोन लिटरहून अधिक पाणी उकळायला एवढी उष्णता पुरेल. ती चार-पाच सेकंदांत निर्माण होते आणि बहुतांश पुढच्या दोन डिस्कवर पडते. एका लॅपमध्ये असं अनेकदा होतं आणि सत्रात अनेक लॅप असतात. मूळ ब्रेक शहरासाठी बनवलेले आहेत. तिसऱ्या-चौथ्या लॅपला पेडल मऊ पडू लागलं की समजावं, पॅड तरी तापून घसरू लागलेत किंवा ऑइल उकळतंय.

उकळणाऱ्या ऑइलचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरत जातो. डॉट-३ प्रकाराचा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २०५ अंश सेल्सिअस असतो आणि ओलावा शिरल्यावर १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५, तर डॉट-५.१ साठी २६० आणि १८० आहेत. चांगलं डॉट-४ किंवा डॉट-५.१ भरा, सगळ्या नळ्यांतली हवा नीट काढून घ्या आणि सर्किटवर जाणार असाल तर ते दर वर्षी बदला. डॉट-५ मात्र सिलिकॉनचं असतं, नावातल्या साम्यामुळे ते चुकून भरू नका.

पॅड निवडताना मोह आवरा. निव्वळ रेसिंगचे पॅड तापल्यावरच पकडतात. जानेवारीत सकाळी पाच अंशांवर गुडगावच्या सिग्नलला समोरची रिक्षा अचानक थांबली, तर थंड रेसिंग पॅड तुम्हाला दगा देतील. रस्ता आणि सर्किट दोन्हींसाठी बनवलेले मधल्या प्रतीचे पॅड घ्या, सोबत नव्या डिस्क आणि स्टीलच्या जाळीने गुंडाळलेल्या ब्रेक नळ्या. मागचे ड्रम राहू द्या. त्यांचे शू साफ करून नीट जुळवले की पुरे. मागे डिस्क बसवण्याचा आग्रह गॅरेजवाले धरतात, पण पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल बिघडला तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी मागून फिरते. तो धोका पत्करण्याइतका फायदा त्यात नाही.

टायर आणि चाकं

इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन या सगळ्यांचं काम शेवटी टायरच्या तळहाताएवढ्या चार ठशांतून रस्त्यापर्यंत पोचतं. स्विफ्टच्या खालच्या प्रकारांना १६५/८० आर१४ टायर येत, दुसऱ्या पिढीच्या वरच्या प्रकाराला १८५/६५ आर१५. पहिल्याचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. म्हणजे खालच्या प्रकाराच्या गाडीला वरच्या प्रकाराची चाकं बसवली तरी स्पीडोमीटर आणि एबीएसचा हिशेब बदलत नाही. शिवाय तो आकार कंपनीनेच दिलेला असल्याने वादही उरत नाही. १९५/६० आर१५ चा व्यास ६१५ भरतो, तोही चालण्यासारखा. याहून मोठे सतरा इंची अलॉय स्विफ्टवर दिसतात खरे, पण ते जड असतात, त्यांची बाजूची भिंत पातळ असते आणि पावसाळ्यानंतरच्या गुडगावच्या खड्ड्यांत ते वाकतात.

अलॉय घेताना चार नट आणि १०० मिलिमीटर वर्तुळ हे माप तर जुळलं पाहिजेच, मधलं भोकही स्विफ्टच्या हबवर, म्हणजे ५४.१ मिलिमीटरवर, घट्ट बसलं पाहिजे. भोक मोठं असेल तर मध्ये रिंग बसवून घ्या, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं.

टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. ‘२३२२’ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी सर्किटवर नेऊ नये. ग्रेटर नोएडाहून आग्र्याला जाणारा १६५ किलोमीटरचा यमुना एक्स्प्रेसवे सिमेंट काँक्रीटचा आहे. उन्हाळ्यात तिथे जुने, कमी हवेचे टायर फुटून अपघात झाले आहेत, आणि सर्किट याच रस्त्यालगत आहे.

सस्पेन्शन

स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम आहे. साधी, टिकाऊ रचना. पुढचं इंजिन पुढचीच चाकं ओढतं, त्यामुळे वेगाने वळताना गाडी नाक बाहेर टाकते. त्यावर दोन उपाय आहेत, मागच्या बाजूचा कडकपणा आणि त्याहून सोपा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल.

पुढच्या चाकांना दीड अंशाच्या आसपास ऋण कॅम्बर दिला की वळणात टायर पूर्ण रुंदीने जमिनीला टेकतो. स्ट्रटच्या खालच्या बाजूला विशेष कॅम्बर बोल्ट बसवून हे होतं, पण अलाइनमेंटचं यंत्र चालवणाऱ्याला आधीच सांगा, नाहीतर तो सगळं ‘ओके’च्या हिरव्या पट्ट्यात परत आणून ठेवील. टो, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं, शून्याजवळ ठेवा, म्हणजे रोजच्या वापरात टायर आतून झिजणार नाहीत.

स्प्रिंग बदलायचेच असतील तर गाडी २५ ते ३० मिलिमीटरपेक्षा खाली घेऊ नका. दिल्लीतल्या वसाहतींच्या दारातले गतिरोधक कुठल्याही मापात बसत नाहीत. कमी उंचीच्या स्प्रिंगसोबत त्यांना जुळणारे शॉकॲब्सॉर्बरही घ्या. काही गॅरेजमध्ये मूळ स्प्रिंग कापून गाडी खाली आणतात. कृपया हे करू नका. कापलेला स्प्रिंग बैठकीतून निसटू शकतो आणि मूळ शॉकॲब्सॉर्बर त्यापुढे लवकर खलास होतो.

इंजिनाला शेवटचा क्रमांक

के-सिरीजचं १.२ लिटर इंजिन टर्बो नसलेलं आहे. फिल्टर, हेडर आणि रीमॅप मिळून त्यातून आणखी काही अश्वशक्ती काढता येते. लॅपमध्ये तो फरक चांगल्या टायरच्या फरकापुढे नगण्य ठरतो. स्वच्छ प्लग, साफ थ्रॉटल बॉडी, नीट कॉम्प्रेशन आणि योग्य ऑइल, एवढ्यावर थांबा. महागडं १०० ऑक्टेन पेट्रोल दिल्ली, गुडगाव, नोएडात मिळतं, पण मूळ ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) असलेल्या या इंजिनाला त्याचा उपयोग होत नाही.

फुकटात मिळणारा वेग मात्र सोडू नका. सर्किटवर उतरण्याआधी स्टेपनी, जॅक, मॅट आणि डिकीतलं सामान काढून ठेवलं की वीस-पंचवीस किलो वजन सहज कमी होतं.

सीट, पट्टा आणि पिंजरा

रोल केज, म्हणजे आतला लोखंडी पिंजरा, असलेली गाडी रस्त्यावर हेल्मेटशिवाय चालवणं घातक आहे, कारण छोट्या धडकेतही डोकं लोखंडी नळीवर आपटतं. चार-बिंदू हार्नेसही केज आणि योग्य सीटशिवाय अर्धवट ठरतो. दुहेरी वापराच्या गाडीत कंपनीचा तीन-बिंदू पट्टा, एअरबॅग असल्यास त्या चालू स्थितीत आणि मांड्यांना आधार देणारी सीट, एवढंच ठेवावं.

माल कुठे मिळतो

यांत्रिक भागांसाठी दिल्लीत काश्मिरी गेटचा बाजार आहे. मूळ कंपनीचे आणि पर्यायी दोन्ही भाग तिथे घाऊक मिळतात, पण नकली मालही तेवढाच. ब्रेकचे भाग अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावरच घ्या. करोल बाग सीट आणि चाकांसाठी ठीक आहे. मायापुरीच्या भंगार बाजारात जुने गिअरबॉक्स आणि बॉडीचे भाग मिळतात. दरवाजे, आरसे तिथून घ्यायला हरकत नाही. जुनं इंजिन उचलून आणलं तर नोंदणीतला इंजिन क्रमांक बदलतो आणि प्रकरण परिवहन कार्यालयात जातं.

सर्किटवरचा दिवस

बुद्ध सर्किट ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झालं. हेरमान टिल्के यांनी त्याची आखणी केली. तिथे फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. आता आयोजकांनी ठरवलेल्या दिवशी शुल्क भरून सामान्य माणसालाही तिथे आपली गाडी चालवता येते. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, सुती कपडे आणि बंद बूट घेऊन जा. निशाणांची माहिती ब्रीफिंगमध्ये देतात, ती मन लावून ऐका. पिवळं निशाण म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे सत्र थांबलं, निळं म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे.

पहिले दोन लॅप सावकाश मारा, टायर आणि ब्रेक तापू द्या. टायरची हवा थंड असताना थोडी कमी ठेवा, कारण सत्रात ती सहा-आठ पीएसआय वाढते. शेवटचा लॅप ब्रेकला विश्रांती देत पूर्ण करा आणि पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडसर लावा. अनुभवी प्रशिक्षक शेजारी बसवण्याची सोय असेल तर ते पैसे जरूर खर्च करा. कोणत्याही पार्टपेक्षा त्याने लॅपचा वेळ जास्त कमी होतो.

एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विम्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो. सर्किटवर गाडी भिंतीला लागली तर दुरुस्ती स्वतःच्या खिशातून होईल असं धरूनच जा. रस्त्यावरच्या वापरासाठी केलेले बदलही विमा कंपनीला लेखी कळवा, म्हणजे दाव्याच्या वेळी तोंडघशी पडणार नाही.

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रात्री उशिरा मुरथलच्या ढाब्यांकडे किंवा गुडगाव-फरीदाबाद रस्त्यावर गाड्या पळवणाऱ्या तरुणांना माझी मनापासून विनंती आहे की महिन्याभराचं पेट्रोल वाचवा आणि एक दिवस सर्किटवर या. तिथे समोरून ट्रक येत नाही, कुणी रस्ता ओलांडत नाही आणि चुकलात तर गाडी खडीत जाऊन थांबते.

परतण्याआधी चाकांचे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर पुन्हा आवळा, टायरची हवा रस्त्याच्या पातळीला आणा, स्टेपनी आठवणीने डिकीत ठेवा आणि ब्रेक पॅडची जाडी पाहा. यमुना एक्स्प्रेसवेवर छोट्या गाड्यांसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, धुक्याच्या दिवसांत १५ डिसेंबरपासून ती ७५ वर येते. घरी जाताना ती पाळा.